घड्याळ पुढे, भूकंप लांब

रात्री पावणेदोनला पालघरकडे धक्का बसला. डहाणू-तलासरीत हे नोव्हेंबर 2018 पासून चालूच आहे, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. नवल सकाळी संगणकावर दिसलं. मुंबईचं आमचं भूकंपमापक यंत्र हिशेबात घेतलं की केंद्रबिंदू उत्तरेला सरकायचा. वगळलं की धुंदलवाडीपाशी नीट बसायचा.

आलेख उघडला. दिवसा लोकल आणि पायलिंगची घरघर असते, रात्री उरतो तो पावसाळी समुद्राचा संथ हेलकावा. 1 ते 10 हर्ट्झचा फिल्टर लावल्यावर तोही गेला. भूकंपाची आधी पोचणारी ‘पी’ लहर स्वच्छ, मागोमाग 13.5 सेकंदांनी संथ ‘एस’ लहर. ‘पी’ सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, ‘एस’ साडेतीनच्या किंचित आत. म्हणून फरकाला 8 ने गुणायचं. 108 किलोमीटर. अंतर तर बरोबर!

मग लक्षात आलं, दोन्ही लहरी अपेक्षित वेळेपेक्षा दोन सेकंद उशिरा नोंदल्या गेल्या होत्या, आणि अगदी सारख्याच. ‘पी’ची जागा चुकून टिपली असती, तर ‘एस’ हलली नसती. खडकातला वेग चुकीचा धरला असता, तर ‘एस’ जास्त चुकली असती. दोन्ही सारख्या सरकल्या, म्हणजे चूक यंत्राच्या घड्याळाची. दोन सेकंद म्हणजे 12 किलोमीटर.

हे घड्याळ जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी जुळतं, त्याला लॉक म्हणतात. शेवटचं लॉक 24 दिवसांपूर्वीचं. गच्चीवर पावसाळ्याची निळी ताडपत्री थेट अँटेनावरून ओढलेली, तिच्या झोळात पाणी, खाली कनेक्टर हिरवा पडलेला. उपग्रहाशी संपर्क तुटला की यंत्राचं घड्याळ स्वतःच्या आतल्या स्फटिकावर चालतं. दहा लाखांत एका भागाची चूक, म्हणजे दिवसाला 0.086 सेकंद, 24 ने गुणून बघा.

कनेक्टर वीस मिनिटांत बदलला. अर्धा दिवस गेला तो जुन्या नोंदींत. लॉक मिळताच घड्याळ 2.1 सेकंद मागे आलं. ती चूक 24 दिवसांवर सरळ रेषेत वाटून दिली. गारवा-उकाड्याने स्फटिकाची चाल बदलते, म्हणून मधल्या प्रत्येक धक्क्याशी ताडून पाहिली.

मॅग्निट्यूडला, म्हणजे भूकंपाच्या आकारमानाच्या आकड्याला, धक्का लागला नाही. तो लहरीची उंची आणि अंतर यांवरून निघतो, आणि अंतर ‘एस’-‘पी’च्या वेळांतल्या फरकावरून काढल्यामुळे घड्याळाची चूक वजाबाकीत उडते. तरी फोन आलाच, “मुंबईला किती रिश्टर बसला?” मॅग्निट्यूड भूकंपाचा असतो, गावागणिक बदलते ती तीव्रता, म्हणजे तिथे जाणवलेला हादरा, हे पुन्हा एकदा सांगितलं.

अँटेनाची वायर आता पीव्हीसी पाइपातून नेली आहे, आणि लॉक तासभर सुटलं की मोबाइलवर मेसेज येतो.