तुमची राजकन्या तलवार का उपसत नाही?

माझ्या अद्भुतकथा वाचणाऱ्या कॉलेजातल्या मुली हटकून विचारतात, "ताई, तुमची राजकन्या सिंहासन परत का मिळवत नाही? निदान एखादा ड्रॅगन तरी द्यायचात तिला!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ड्रॅगन मलाही आवडतात. पण मी रत्नागिरीची, आणि आमच्याकडे थिबा पॅलेस आहे.

इंग्रजांनी हद्दपार करून रत्नागिरीत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा हा वाडा. पर्यटक येतात ते त्याची गोष्ट ऐकायला. मला त्याच्या चार मुलींची जास्त ओढ. 1885 साली इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली तेव्हा दोघी जन्मलेल्या होत्या. तिसरी वाटेत मद्रासला झाली, चौथी 1887 साली इथे रत्नागिरीत. म्हणजे धाकटी ज्या राज्याची राजकन्या, ते तिने पाहिलंही नव्हतं. तरी पुढे ब्रह्मदेशात परतल्यावर घराण्याच्या जडजवाहिरासाठी इंग्रजांशी हट्टाने भांडली ती हीच. हत्यार कुठलं, तर अर्ज! कादंबरीत हे रटाळ वाटेल म्हणून कुणी लिहीत नाही.

खरा पेच लग्नाचा. त्या घराण्यात मुलगी राजरक्तातच द्यायची, बहुधा सावत्र भावाला. थिबा आणि राणी सुपयालत हीसुद्धा सावत्र भावंडंच. पण थिबाची गादी पक्की व्हावी म्हणून 1879 साली मंडालेच्या राजवाड्यात कित्येक राजपुत्रांची कत्तल झाली होती. ज्या रक्तात या मुलींसाठी नवरे शोधायचे, ते त्यांच्या जन्माआधीच सांडून झालं होतं. मग रत्नागिरीत स्थळ आणायचं कुठून? मुली वाढत गेल्या, बाप स्थळं नाकारत राहिला.

थोरलीने राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्याशी संबंध जोडला. ते आधीच विवाहित होते. मुलगी झाली, टुटू. 1919 साली कुटुंब रंगूनला गेलं, पण थोरली मुलीला घेऊन परत इकडेच आली आणि 1947 साली रत्नागिरीतच वारली. टुटू इथेच मराठी बोलत, गरिबीत संसार करत राहिली. ती गेली 2000 साली. पर्यटकांना ही प्रेमकहाणी म्हणून सांगतात, तेव्हा मला राग येतो. पेन्शनीवर जगणाऱ्या आणि लग्नाची वाट बंद झालेल्या बाईपुढे पर्याय तरी किती होते?

पोर्तुगालच्या कॅथरिनचं वेगळं काय झालं? 1661 च्या लग्नकरारात मुंबई तिच्या आंदणात इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि तिने मुंबई कधी पाहिलीसुद्धा नाही.

आता आमच्या संगमेश्वराकडच्या शृंगारपूरची लेक घ्या, शिर्क्यांची येसूबाई. 1689 साली संभाजीराजांना मारल्यानंतर रायगड पडला आणि ती सात वर्षांच्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेली. सुटली 1719 मध्ये. या मायलेकरांची देखभाल औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा करत असे. ती अविवाहित होती, बापाच्या छावणीबरोबर दक्खनभर फिरणारी. एकीच्या बापाने दुसरीचा नवरा मारलेला, आणि दोघी एकाच छावणीत. वैर, दया, मिंधेपण, मुत्सद्देगिरी, सगळं एका ताटात वाढलेलं. एवढं नाट्य मला कुठल्याही काल्पनिक साम्राज्यात अजून रचता आलेलं नाही.

येसूबाईने त्या छावणीत तलवार उपसली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. मला तर पुढची वर्षं लिहायची असतात: मुलाला आपण कोण हे विसरू न देता शत्रूच्या पंगतीला कसं बसवायचं, कुठला हुजऱ्या विश्वासाचा, बाहेर निरोप कुणाच्या हाती द्यायचा. तेव्हा तलवारीचं विचारू नका. माझी राजकन्या निरोप्याला नेमकं काय सांगते ते विचारा, त्यावर मी तासभर बोलेन.