शिंपल्याला भोक कोणी पाडले?

सांगलीचा चित्रकला शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत गुहागरकडच्या मुलांना समुद्र काय शिकवणार, असे मला इकडे आणि तिकडेही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

भरती-ओहोटी त्यांना माझ्याकडून शिकायची नसते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, त्यांना घरातच कळलेला असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीन आणि अष्टमीला सहा, हा हिशेब आजोबांना तोंडपाठ असतो. लक्ष्मीपूजनापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत भरतीचे पाणी कुठवर चढले, ते मुले एका लांब कागदी पट्टीवर रोज रेखाटतात आणि शेवटी झोळीसारखा आकार उमटतो. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, हे मी तेव्हा सांगतो. आजोबांचा पाऊण तास आणि ही ५० मिनिटे शेजारी आली की मुले स्वतःच एकमेकांकडे पाहू लागतात.

धडा संपल्यावर ‘समुद्र वाचवा’ असे पोस्टर रंगवून घेण्याला मी कलेची जोड मानत नाही. चित्र आधी यावे, कारण हात चालू लागला की डोळा थांबतो. रोज पायाखाली येणारा शिंपला काढताना एका मुलाला त्याच्या टोकाशी अगदी गोल, आत निमुळते होत गेलेले भोक दिसले. एक मांसाहारी समुद्री गोगलगाय आम्लयुक्त स्राव सोडत, दातेरी जिभेने तासन्‌तास खरवडून ते पाडते आणि आतला जीव खाते, हे सांगितल्यावर सगळा वर्ग वाळूत तसेच शिंपले शोधत हिंडला.

त्यांतले काही मी सांगलीला आणले. आमच्या मुलांनी ते हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर सापडलेल्या शिंपल्यांशेजारी ठेवून काढले, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आपल्या शिंपल्यांना भोक का नाही?” त्या गोगलगाई खाऱ्या पाण्यातच जगतात, असे मी म्हणालो. मग कृष्णा समुद्राला मिळते तिथे काय होत असेल, हा तिचा पुढचा प्रश्न होता. अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर महाबळेश्वरला उगम पावूनही कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तो सारा प्रवाह मुले सध्या वर्गाच्या भिंतीवर रंगवत आहेत, आणि गोडे पाणी खारे होते तो पट्टा कोणत्या रंगाने दाखवायचा, यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.