दुसऱ्याचं अक्षर वाचता आलं पाहिजे

हस्ताक्षराबद्दल कुणीही लिहायला बसलं की विषय जातो सुंदर अक्षराकडं. वळणदार, मोत्यासारखं, शाळेतल्या स्पर्धा, उन्हाळी सुट्टीतले क्लास. ते सगळं मलाही आवडतं, माझ्या टेबलावर आजही शाईचा पेन आणि दौत आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याचं अक्षर वाचता येण्याची, कारण लिहिणं बंद व्हायच्या आधी तेच बंद पडतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

माझा भाचा सातवीत आहे, इंग्लिश मिडीयम, पण मराठी पेपर रोज वाचतो, खेळाचं पान तर पूर्ण. त्याला माझ्या आज्जीचं एक जुनं इनलँड लेटर दाखवलं तर तो दोन्ही बाजूनं फिरवून बघायला लागला आणि म्हणाला, "आत्ती, हे कुठल्या भाषेत हाय?" मराठीच होतं की! साधं, घरातलं, पाऊस किती झाला, म्हस व्यायली का, असलं. पण आज्जी डोक्यावरची रेघ देत नव्हती, किंवा ओळभर एकच ओढायची आणि पुढं सोडून द्यायची. तिचे न आणि त एकमेकाला चिकटलेले, वेलांटी कधी पुढच्या अक्षरावर जाऊन पडायची. आणि तिचा ल पाकळीचा, तर भाच्यानं बघितलेला ल मोबाईलमधला, दांडा असलेला हिंदी वळणाचा. २००९ साली सरकारनं वर्णमालेचा जीआर काढला त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श हाच मराठीचा म्हणून दिलाय, पण मोबाईलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा फॉन्ट येतो आणि पोरं दिवसभर तोच बघतात. म्हणजे पोराला मराठी येतं, लिपी येते, फक्त माणसाच्या हातातली लिपी येत नाही.

आता कर्सिव्हचं, म्हणजे जोडून लिहायच्या इंग्रजीचं सांगते. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्या नंतर. पाचवीत चार रेघी वही मिळाली आणि बाईंनी फळ्यावर जोडून लिहिलेलं इंग्रजी काढलं, तेव्हा मला ते फार म्हणजे फार आवडलं होतं. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी ही अक्षरं वरनं पुढच्या अक्षराला जातात, बाकीची बहुतेक खालनं, हे एकदा हाताला कळलं की पुढचं आपोआप येतं. कॅपिटल क्यू दोनच्या आकड्यासारखा का, याचं उत्तर कुणी दिलं नाही पण तो गिरवायला मजा यायची. एफची वरची लूप आणि खालची लूप एका झटक्यात काढायची आणि पेन उचलायचा नाही.

हे जे पेन न उचलणं आहे ना, ते साहेबाचं खूळ नाही. ज्याला दिवसभर लिहायचंय त्याची ती गरज होती. अमेरिकेत पामर नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी पद्धत काढली ती ऑफिसात भरभर लिहिणाऱ्यांसाठी होती, बोटं वळवायची नाहीत, हात हलवायचा म्हणजे तो दुखत नाही. आणि आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीपासून मोडी होती, मराठी भरभर लिहायची जुनी लिपी. आधी डावीकडनं उजवीकडं आख्खी रेघ ओढून घ्यायची, मग तिला खालनं अक्षरं लावत जायची, बहुतेक अक्षरं रेघेपासनं निघून परत रेघेला येतात म्हणजे बोरू, वेताचा तो पेन, तसाच पुढं. ह्रस्व दीर्घ बघायचं नाही, शब्दात जागा सोडायची नाही, पूर्णविराम नाही. मौजे, तर्फ, परगणे असले रोजचे शब्द पहिल्या अक्षरावर तोडायचे आणि पुढं दोन उभ्या रेघा मारायच्या. दरबारात, चावडीत, पेढीवर सगळीकडं हीच. बाळबोध लिपी, म्हणजे आपली देवनागरी, पोथीला, मोडी कामाला.

(शाईचा विषय निघालाय तर सांगून टाकते, इंग्रजीचा कटनिब, म्हणजे चपट्या कापलेल्या टोकाचा, घेऊन मराठी लिहू नका, जाड-बारीक उलटं पडतं. देवनागरीसाठी टोक उलट्या बाजूला तिरकं कापलेलं लागतं. बोरू करणारे तसंच कापतात. आपल्या कोल्हापूरचे जुने बोर्ड रंगवणारे पेंटर चपट्या ब्रशनं हेच साधायचे, आणि जिथं बाबूराव पेंटरांनी सिनेमाबरोबर सिनेमाची पोस्टरंसुद्धा स्वतः रंगवली त्या गावात आता दुकानावर सगळा फ्लेक्स आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.)

मोडी मी मोठेपणी शिकले. जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग असतात, आपल्या कोल्हापुरातही पुराभिलेखागार आहे, करवीर संस्थानचं दफ्तर तिथं आहे. मला संशोधन वगैरे करायचं नव्हतं. घरात माळ्यावर पत्र्याच्या पेटीत एक कागद होता आणि तो आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नव्हता. लहानपणापासून ऐकत आले होते की हे पणजोबांचं अक्षर, बघा किती सुंदर, एका रेघेत. घरी पाव्हणे आले की तो कागद दाखवायचा, सगळे मान डोलवायचे आणि परत पेटीत.

मुळाक्षरं लवकर येतात, कागद लवकर येत नाही. चार्टमधलं मोडी स्वच्छ असतं आणि कागदातलं ज्याचं त्याचं. शब्द कुठं तुटतो तेच कळत नाही, मोठ्यानं वाचत वाचत जायचं, मग कानाला अचानक लागतं की अरे हे तर बैलजोडी. आकड्यांची गंमत वेगळीच, एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माझे वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीला हिशोब बघायचे, दिवाणजी म्हणायचे सगळे त्यांना, त्यांना मोडी येत नव्हती पण या रेघा मात्र लगेच वाचल्या त्यांनी. त्यांच्या दुकानात जुन्या वह्यात तसंच लिहिलेलं असायचं. कागदावर ४७॥ होतं, म्हणाले, "साडेसत्तेचाळीस की गं हे." 

तर तो कागद निघाला कर्जरोखा. पणजोबांनी बैलजोडीसाठी घेतलेले साडेसत्तेचाळीस रुपये, व्याज किती, कधी फेडायचे. आणि खाली पणजोबांचं नाव आणि त्याच्यापुढं "निशाणी नांगर" आणि एक छोटासा नांगर काढलेला. म्हणजे त्यांना लिहिता येतच नव्हतं. ज्याला लिहिता येत नाही तो शेतकरी असेल तर नांगर काढायचा, बाईमाणूस असेल तर बांगडी, अशी पद्धत होती. एवढी वर्षं आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते गावच्या कुलकर्ण्यांचं अक्षर, त्यांचं नाव दस्तुर, म्हणजे लिहिणारा, म्हणून शेवटी आहेच. पणजोबांच्या हातचा तो नांगर तेवढा, दोन रेघा आणि एक तिरकी, आणि ती रेघ सुरुवातीला जरा जाड झालीय, बोरू जास्त दाबलाय.

मी तो नांगर किती वेळ बघत होते. 

त्यानंतर आज्जीची पत्रं मला वेगळी दिसायला लागली. शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, १९१८ ला कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी आणले, हे आपण कोल्हापूरकर शाळेपासून पाठ म्हणतो, जयंतीला भाषणात ऐकतो. पण त्याचा अर्थ माझ्या घरात काय, तर सासऱ्याची सही नांगर आणि सून सातवी फायनल झालेली, स्वतःच्या हातानं पुण्याला मुलाला पत्र लिहिणारी. आमच्या घराण्यातलं पहिलं हस्ताक्षर आज्जीचं आहे. पहिलं! तिच्या आधी आमच्याकडचं सगळं दुसऱ्यानं लिहिलेलं. आणि ते पहिलं अक्षर तिच्या पणतवाला कुठल्या भाषेतलं आहे ते कळेना.

मोडीचं असंच झालं. आज्जी शाळेत मोडी थोडी शिकली होती, १९५० च्या आसपास मोडीच शाळेतनं गेली, वडलांना आली नाही, आणि घरोघरचे कागद मुके झाले. कुणी जाळले, कुणी रद्दीत घातले. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा सगळ्या जिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लिपी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, चांगलंच झालं, मी पण फॉन्ट टाकून घेतलाय, पण फॉन्टमधलं मोडी वाचता आलं म्हणून कुलकर्ण्यांच्या हातचं वाचता येत नाही.

अमेरिकेत आता कर्सिव्हचं तेच चाललंय. २०१० च्या त्यांच्या सामायिक अभ्यासक्रमात कर्सिव्ह नव्हतं, बऱ्याच शाळांनी शिकवणं सोडलं, आणि आता त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार कर्सिव्ह वाचता येणारे स्वयंसेवक मागतंय, जुने कागद टाईप करून द्यायला. कॅलिफोर्नियानं तर २०२४ पासून पहिली ते सहावी कर्सिव्ह शिकवायचा कायदाच केला. नॉर्वेत २०२४ मध्ये ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूचा अभ्यास छापून आला, हातानं लिहिताना मेंदूचे भाग टायपिंगपेक्षा जास्त जोडलेले दिसले. ठीक आहे, चांगली गोष्ट आहे, पण मला पोरांना हातचं वाचायला लावायला मेंदूचं कारण लागत नाही, आज्जीचं पुरतं.

म्हणून भाच्याला मी अक्षर सुधार म्हणत नाही. आम्ही रविवारी आज्जीचं एक पत्र घेतो आणि तो वाचतो, मी मधे बोलत नाही. पहिल्यांदा ओळखीचे शब्द शोध, तिची सही बघ, तिचा आ कसा आहे ते सहीतनं कळतं, मग तोच आ वर कुठं दिसतो का बघ. प्रत्येक माणसाच्या हाताच्या चार-पाच खोडी असतात, तेवढ्या सापडल्या की बाकीचं सुटतं. आता तो तिचा "चिरंजीव" लांबनं ओळखतो. परवा स्वतःहून विचारलं, "पणजी सगळीकडं र असा का काढते?" त्याला र ची मोडीतली वळणं काढून दाखवली. आज्जीच्या बाळबोधीत मोडीचा हात घुसलाय, ते मलाही त्याच्या विचारण्यामुळंच नीट दिसलं.

तुमच्या घरात असले कागद असतील तर लॅमिनेशन करू नका, परत निघत नाही. सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी पिवळी पडते आणि शाई घेऊन जाते. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता सरळ वरनं फोटो काढा, मागं काय लिहायचं असेल तर पेन्सिलनं. आणि ज्यांना ते अक्षर वाचता येतं असं घरात कुणी असेल, काकी, आत्या, कुणीही, तर त्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, हे मात्र दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका, याच आठवड्यात करा.