आप्पांच्या ताटात पुन्हा कळण्याची भाकरी

आज किती दिवसांनी आप्पा मनापासून जेवले! शुगर निघाल्यापासून दोन फुलके आणि बेचव भाजी, एवढंच त्यांच्या नशिबी होतं. परवा आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलं, “आधी काय खायचात?” मी म्हटलं, कळण्याची भाकरी. त्या म्हणाल्या, “मग ती बंद कोणी केली?”

खरंच, कोणी केली? आपल्या खान्देशात गहू रोजचा कधी झाला, कळलंच नाही.

काल चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालासकट काळे उडीद आणि खडेमीठ गिरणीतून दळून आणलं. करडं पीठ, जरासं जाडसर. आईने परातीत भाकरी थापली, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला. उलटून भाजली तशी टम्म फुगली. सोबत भरीत, ठेचा, कांद्याची पात.

पण ज्वारीने साखर वाढतच नाही, हा समज चुकीचा आहे. तिच्यातही 100 ग्रॅममागे 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. चोथा आणि उडदातली प्रथिनं यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते, इतकंच. म्हणून भाकरी दीडच, आणि गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच चालू.

दोन तासांनी बोट टोचलं: 158. मागच्या आठवड्यात फुलक्यांवर 190 होती. एका दिवसावरून काही ठरवणार नाही, रोज वहीत लिहिणार आहे.

शेवटचा तुकडा ठेच्याच्या तेलात बुडवत आप्पा म्हणाले, “सकाय बी हाईच कर, बेटा.”

उडीद भरपूर आणलेत.