रजिस्टरातलं नाव

मुलींच्या शाळेनं 'नामवंत माजी विद्यार्थिनी' शोधायला घेतल्या की पहिली गाठ पडते ती आडनावाशी. मुलांच्या शाळेला ही भानगड नाही. तिथला कुलकर्णी साठीतही कुलकर्णीच असतो, फार तर केस गेलेले असतात. मुलींच्या जनरल रजिस्टरात मात्र माहेरचं नाव, आणि पुढं बाई जे काही नाव काढते ते सासरच्या नावावर.

परभणीतल्या आमच्या कन्या शाळेत सध्या हेच चाललंय. कार्यालयाबाहेर फलक लावायचाय. 'जगात जर्मनी, देशात परभणी' म्हणणाऱ्या गावाला नामवंतांचा तोटा नाही, पण त्या आपल्याच शाळेच्या हे ठरवणार कोण? आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी पेपरातलं कात्रण टाकतं. "ही डॉक्टरीणबाई आपलीच का गं?" मग अख्खी दुपार त्यात जाते. "अगं, लंगडीत कधी बाद व्हायची नाही, ती!" "नाही बाई, ती स्टेशन रोडची. ही वसमत रोडची, हिची आई पापड लाटून द्यायची." शेवटी कुणाच्या तरी ट्रंकेतला वर्गाचा फोटो निघतो. दुसरी रांग, डावीकडून तिसरी, एक वेणी पुढं एक मागं. पटली ओळख! कोर्टात असला पुरावा कुणी उभा करणार नाही, आमच्यात चालतो.

त्यातून आमच्या वेळी नुसतं आडनाव बदलून भागायचं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचा, सगळे टाळ्या वाजवायचे. पुढं दहावीच्या सनदेवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आणि दोन्ही बाया एकच आहेत हे पटवायला राजपत्राची प्रत घेऊन हिंडायचं. आमच्यातल्या एकीला तर आम्ही दोन्ही नावांनी हाक मारत नाही. प्रार्थनेला पेटी वाजवायची म्हणून ती 'पेटीवाली', आजही.

हे दुखणं जुनंच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं सुरुवातीलाच शिकायला आलेल्यांत गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. आपण तिला बाया कर्वे म्हणतो. सदनाच्या हजेरीत 'आनंदीबाई कर्वे' धुंडाळाल तर सापडायची नाही. तिची सून पुण्याच्या हुजूरपागेची. १८८४ साली सुरू झालेल्या त्या शाळेत सात वर्षांची एक करमरकरांची पोर ब्रह्मदेशातून आली, तिथल्याच नदीचं नाव घेऊन. ती मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. नशीब, निदान इरावती तरी तशीच राहिली. सासू-सून दोघी मुलींच्या शाळांचं भूषण, पण आडनावानं शोधायचं तर दोघींसाठी महर्षींचंच दार वाजवावं लागतं.

फुले दांपत्याच्या शाळेतली मुक्ता साळवे त्यातून सुटली. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला तेव्हा ती शाळकरी पोरच होती. मांग-महारांचं दुःख तिनं असं मांडलं की दीडशे वर्षं उलटली तरी आपण ते वाचतोय. नाव काढायला ती लग्नापर्यंत थांबलीच नाही.

आता सरकारी कागदावर आईचंही नाव आलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी आई, मग वडील. चांगलंच झालं, पण आमच्या फलकाला त्याचा उपयोग नाही.

मी ग्रुपवर सुचवलं, माहेरचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, खाली बारीक अक्षरांत सासरचं. दोघींनी लगेच होकाराचे अंगठे टाकले. एकीनं "ह्यांना विचारून सांगते" म्हणून कळवलं, तिची अजून वाट बघतोय. आमच्या निवृत्त बाईंनी हिशोबाचं काढलं: पेंटर अक्षरावर पैसे घेतो, दोन-दोन नावं म्हणजे खर्च दुप्पट, वर्गणी कोण भरणार? त्यावर सगळ्या गप्प. तेवढ्यात आमची एक देशमुख, जी दिलीसुद्धा लातूरच्या देशमुखांतच, मध्ये पडली. म्हणाली, "माझे अर्धेच पैसे लावा."