तुम्ही विचारलंत म्हणून: खाडीच्या गाळात किरणोत्सर्गी जस्त कशाला?

"खाडी आधीच नासलीय, त्यात तुम्ही किरणोत्सर्गी पदार्थ कशाला ओतता?" ऐरोलीत राहून मी ठाणे खाडीच्या गाळातल्या धातूंवर काम करते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. काळजीपोटी येतो, म्हणून सविस्तर सांगते.

खाडीत आम्ही एक थेंबही ओतत नाही. ओहोटीला तिवरांच्या कडेचा गाळ आणतो, बरणीत भरतो, वर खाडीचंच पाणी. जे मिसळायचं ते परवाना असलेल्या प्रयोगशाळेत, आणि तेही वजनकाट्याला कळणार नाही इतकं.

पण मिसळायचंच कशाला? ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६०च्या दशकापासून कारखाने आले. गाळात जस्त, शिसं, कॅडमियम साठलंय. शिवाय थोडं जस्त कुठल्याही मातीत मुळातच असतं. गाळ आम्लात विरघळवून मोजला तर एकूण जस्त कळतं. आज नाल्यातून आलेलं जस्त गाळाने धरलं का, किती वेळात धरलं, पुन्हा सोडलं का, हे त्या आकड्यातून कसं कळणार? जुनं आणि नवं जस्त दिसायला, वागायला सारखंच. आम्ही मिसळतो ते जस्त-६५, म्हणजे जस्ताचंच किरणोत्सर्गी रूप, सुद्धा तसंच वागतं, फक्त त्यातून गॅमा किरण निघतात. त्यामुळे बरणीतलं थोडं पाणी गाळून घेऊन किरण मोजणाऱ्या काउंटरमध्ये ठेवलं, की आपण घातलेल्यापैकी किती पाण्यात उरलंय ते थेट कळतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, २४४ दिवसांचं, म्हणजे महिनोन्महिने मागोवा घेता येतो. कॅडमियमच्या तशाच रूपाचं, कॅडमियम-१०९चं, त्याहून जास्त, ४६१ दिवस.

गाळाचा उभा तुकडा कापला की वर पातळ तपकिरी थर दिसतो आणि खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा. या काळ्या थरात ऑक्सिजन नसतो. तिथे धातू सल्फाइडला घट्ट चिकटून बसतात, एका अर्थी बंदिस्त होतात. हाच गाळ ढवळून त्यात हवा सोडली की सल्फाइड मोडतं आणि धातू सुटे होतात. शिशाला लोखंडाचा नवा गंज बऱ्यापैकी पुन्हा पकडतो. कॅडमियम मात्र खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवून पाण्यातच रेंगाळतं. मला सगळ्यात जास्त धास्ती कॅडमियमची वाटते ती यामुळेच. रोहित पक्षी चोच उलटी करून वरचा गाळच गाळून खातात, आणि निवट्या (चिखलातले मासे) त्याच गाळात बिळं करून राहतात.

ठाणे खाडी २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, तरी जेट्टीसाठी, पुलासाठी, नाला खोल करण्यासाठी इथे गाळ उपसावा लागणारच. तो उपसण्याआधी त्या जागेच्या गाळावर ही बरणीतली चाचणी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आणि काढलेला काळा गाळ काठावर उन्हात पसरू नये. तो पाण्याखालीच, हवा लागणार नाही असा ठेवावा.