रतीबाचं ॲप, आवृत्ती ३: आधी खाडा, मग बाकीचं

दुधाच्या रतीबाचा हिशोब ठेवणारं माझं ॲप तिसऱ्या आवृत्तीवर आलंय. गेले तीन रविवार हिशोबाच्या कोडला हात लावला नाही. सगळा वेळ गेला तो ॲप पहिल्यांदा उघडल्यावर काय दिसावं, यात.

आधीच्या आवृत्तीत सुरुवातीला ओळख करून देणारे चार पडदे होते. मग नाव, मोबाइल नंबर, दुधाचा भाव. मावशीच्या फोनवर टाकून दिलं आणि शेजारी गप्प बसलो. तिचा एक हात कणकेचा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती ‘पुढे’, ‘पुढे’ करत गेली, एकही ओळ वाचली नाही. भावापाशी अडली. "भाव तुझ्या काकांना माहीत, बिल ते देतात." मग म्हणाली, "अरे, खाडा कुठं मांडायचा तेवढं दाखव की." चारही पडद्यांवर खाडा हा शब्द नव्हता. मी ‘अनुपस्थित दिवस’ लिहिलं होतं.

तिच्या ओट्याशेजारी कॅलेंडर आहे. त्यावर ती रोजच्या दुधाची नोंद करतच नाही. दूध येणार हे धरलेलंच. आलं नाही तर तारखेवर फुली, जादा घेतलं तर खाली ‘+½’. ते कॅलेंडर वापरायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ॲप नेमकं तसंच हवंय.

म्हणून आता एकच प्रश्न ठेवलाय: रोज किती दूध? अर्धा, एक, दीड, दोन लिटर अशी मोठी बटणं. त्यातलं कुठलंही दाबलं की थेट चालू महिना समोर. तारखेवर बोट ठेवलं की फुली. भाव पहिल्यांदा बिल उघडल्यावर विचारतो. नाव आणि नंबर काढूनच टाकले, सगळा हिशोब फोनमध्येच राहतो तर ते हवेत कशाला?

बटणांमागे आणखी एक कारण आहे. आधी तिथे आकडा लिहायची चौकट होती आणि मराठी लोकेलवर (फोनची भाषा-प्रांताची सेटिंग) ॲप पहिल्याच पायरीला बंद पडायचं. आकड्याचा मजकूर करणाऱ्या String.format ला लोकेल दिलं नाही की ते फोनचं लोकेल घेतं, त्यामुळे चौकटीत आपोआप ‘१.५’ यायचं. तेच मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या toDouble() कडे गेलं की अपवाद (ॲप बंद पाडणारी चूक), कारण त्याला देवनागरी अंक कळत नाहीत. पूर्णांक करणाऱ्या toInt() ला मात्र कळतात, म्हणून ‘१’ आणि ‘२’ वर केलेल्या चाचण्या बिनबोभाट पार पडल्या होत्या. मराठीत ॲप करणाऱ्यांनी दीड लिटर जरूर टाकून बघावं. जादा दुधाच्या चौकटीत आता आकडा लोकेलप्रमाणे वाचणाऱ्या NumberFormat ने वाचतो.

परवानगीचं आणखी निराळं. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी विचारावं लागतं. माझं टार्गेट (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा; अँड्रॉइड १३ चा ३३) ३२ वरच होतं, आणि तसं असलं की चॅनल (नोटिफिकेशनचा गट) तयार झाल्यावर सिस्टीम स्वतःच विचारते. मी चॅनल ॲप सुरू होतानाच बनवत होतो, त्यामुळे ओळखदेख होण्याआधीच ती खिडकी पुढ्यात. टार्गेट ३२ वर एकदाच नकार मिळाला तरी ती पुन्हा येत नाही, आणि ३३ वर दोनदा नकार मिळाला की दाखवता येत नाही, तेव्हा ही संधी जपून वापरायला हवी. टार्गेट ३३ केलं. आता पहिला खाडा मांडल्यावर खाली एक ओळ येते: ‘रात्री आठवण करू का?’ ‘हो’ म्हटलं तरच सिस्टीमची खिडकी.

परवा मावशीकडे नवीन आवृत्ती टाकली. ‘दीड’ दाबलं, महिना आला, तिने लगेच ४ तारखेवर फुली मारली. मी एक शब्द बोललो नव्हतो. फार बरं वाटलं.

अडलंय ते महिन्याच्या मध्येच ॲप घेणाऱ्यांपाशी. १२ तारखेला सुरुवात केली तर आधीचे अकरा दिवस दूध आलं असं धरावं का? सध्या ते फिकट दाखवतो, आणि बिल काढताना विचारतो. पुढच्या रविवारी शेजारच्या काकूंकडे बसणार आहे. त्यांच्याकडे गाईचं आणि म्हशीचं असे दोन रतीब आहेत, तिथे माझा एकच प्रश्न पुरणार नाही.